'संगीत शारदा'च्या पदांना नव्या चाली देताना मात्रा, ताल आणि पट्टी कशी सांभाळायची?

आडताल

नमस्कार. देवलांच्या 'शारदा'चा सव्वादोन तासांचा प्रयोग बसवतो आहोत. संहिता कापून दोन अंकांत आणली आहे. पदं १४ ठेवली आहेत. नांदी आणि लोकांच्या तोंडी असलेली चार पदं जुन्याच चालीत राहतील, उरलेल्या ९ पदांना नव्या चाली द्यायच्या आहेत. साथीला ऑर्गन, तबला, व्हायोलिन. नायिका शारदा काळी चारला गाते, नायक कोदंड काळी एकला, म्हणजे ऑर्गनची ती ती काळी पट्टी त्यांचा षड्ज.

अडलेल्या गोष्टी अशा:

जुन्या पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल – अमुक' असं छापलेलं आहे. त्यातली बरीच मूळ गाणी आता कुठे ऐकायला मिळत नाहीत. नवीच चाल करायची तर ती ओळ सोडून द्यावी का?

'मूर्तिमंत भीति उभी मजसमोर राहिली' हे पद केरव्यात (आठ मात्रांचा ताल) घेऊन पाहिलं. स्वर बरे लागतात, पण शब्द तुटल्यासारखे वाटतात. नेमकं कुठे बिघडतं?

पुढे किर्लोस्करांचं 'सौभद्र' करायचं आहे. त्यातल्या साक्या-दिंड्या (जुने गेय छंद) कोणत्या तालात बसतात?

दोन पट्ट्या आणि तबलजी एकच, हे कसं निभवायचं? आणि हक्कांचं काय?

---

मात्रागण

'चाल' ही ओळ टाकून देऊ नका. मूळ गाणं मिळो न मिळो, तिच्यामुळे एक गोष्ट कळते. किर्लोस्कर आणि देवलांच्या काळात बहुतेक वेळा चाल आधी असायची आणि शब्द तिच्या मापाने लिहिले जायचे. चाल हरवली तरी तिचा साचा शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घात शिल्लक राहतो. नवी चाल करणाऱ्याने आधी तो साचा वाचायचा आणि राग मग ठरवायचा. उलटं केलं की तुमच्या केरव्यासारखं होतं.

तुमचीच ओळ घ्या. लघु एक मात्रा, गुरू दोन:

मूर्ति (३) मंत (३) – भीति (३) उभी (३) – मजस (३) मोर (३) – राहि (३) ली (२)

सहा-सहाचे चार गट, आतून प्रत्येकाचे तीन-तीन. एकूण २३, शेवटची 'ली' एक मात्रा लांबवली की २४. हा स्वच्छ दादऱ्याचा, म्हणजे सहा मात्रांच्या तालाचा साचा आहे. केरव्यात पहिल्या आठ मात्रांत 'मूर्तिमंत भी' एवढंच मावतं आणि 'ति' एकटी पुढच्या समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) आपटते. ऐकणाऱ्याला 'भीति' हा शब्दच मिळत नाही, आणि अख्ख्या पदाचा जीव त्या एका शब्दात आहे. तो चुकवायला प्रत्येक गट ओढून आठ मात्रांचा केला तर गटागणिक दोन मात्रांचा पोकळ सूर उरतो. भेदरलेली मुलगी असे लांब सूर धरत नाही.

दादरा नकोच असेल तर रूपक करून पाहा. सातात प्रत्येक गटाला एकच मात्रा वाढवावी लागते. 'मूर्ति / मं / तऽ', 'मजस / मो / रऽ', 'राहि / ली / ऽऽ' हे तीन गट ३+२+२ मध्ये सहज बसतात. दुसऱ्या गटात खोच आहे. 'भीति' तीन मात्रांत बसते, मग चौथ्या मात्रेवर 'उ' येतो. तो दोन मात्रा ओढला की 'ऊभी' होतं आणि कानाला लगेच खटकतं. 'उ' एकाच मात्रेत सोडा आणि 'भी' पाचवीवर उचलून सातवीपर्यंत धरा. सहाव्या मात्रेची टाळी त्या 'भी'च्या पोटात पडते. शब्द टाळीच्या आधीच उभा राहतो, दचकल्यासारखा. मला ही जागा दादऱ्यापेक्षाही नाट्याला जवळची वाटते. लय मात्र मिनिटाला ९०च्या आसपास ठेवा, फार संथ केलीत तर दचकणं जातं.

संहिता कोणत्या आवृत्तीतून घेतली तेही तपासा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. नव्या छपाईत 'भीती' असेल आणि तुम्ही छापल्याप्रमाणे मात्रा मोजल्यात तर गट सातचा होतो आणि सगळं गणित कोसळतं. पदं शक्य तेवढ्या जुन्या आवृत्तीवरून उतरवून घ्या.

दुसरं, बोलताना आपण 'मज्‌समोर्‌' म्हणतो. पदात म-ज-स-मो-र ही पाच अक्षरं आहेत आणि पाचही वाजली पाहिजेत. हल्ली नट 'नैसर्गिक' म्हणायला जातात, अंत्य अकार गिळतात, आणि त्या मात्रेत भोक पडतं. तबलजी ते भरायला जातो आणि लय सरकते.

---

डग्गा

तालाचं आणि पट्टीचं सांगतो.

साकी: चरणात २८ मात्रा, १६ वर यती (थांबा), मग १२. केरव्यात १६ म्हणजे दोन आवर्तनं पूर्ण आणि १२ म्हणजे दीड. चार मात्रा मोकळ्या राहतात. त्या मोकळ्याच राहू द्या, ऑर्गनने पुढच्या ओळीचा उठाव तिथे द्यावा. शेवटचं अक्षर ओढून त्या भरल्या की गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागाच राहत नाही आणि तिसऱ्या ओळीला आवाज फाटतो.

दिंडी: चरण १९ मात्रांचा, ९ + १०. नऊनंतर एक मात्रा थांबलं की दहा आणि दहा, झपतालाची दोन आवर्तनं. हिशेब चोख बसतो.

अंजनीगीत: तीन चरण १६चे आणि चौथा १० चा. चौथा चरण तालात कोंबू नये, ठेका थांबवून मोकळा म्हणावा.

आता पट्टी. काळी एकचा तबला कोदंडाला षड्ज म्हणून चालतो. तोच तबला काळी चारला मध्यम लागतो. म्हणजे शारदेच्या ज्या पदांत शुद्ध मध्यम आहे (बिलावल, खमाज, काफी, भैरवी अशी) तिथे तबला बदलायलाच नको. भूप, शुद्ध कल्याण यांत मध्यमाचा तबला घात करतो, कारण जो स्वर रागात नाही तोच सतत घुमत राहतो. यमनातही तेच, तीव्र मध्यमाला शुद्ध मध्यम खेटतो. अशा पदांसाठी काळी दोनला लावलेला दुसरा तबला शेजारी ठेवा, तो शारदेचा पंचम होतो. पाच इंची पुडी (तबल्याचं कातडी तोंड) त्या सुराला नीट चढते, मोठ्या तोंडाची इतकी चढवली तर शाई तडकायची भीती असते.

नऊ पदांचे राग ठरवताना हा तक्ता आधी मांडा. शारदेची मध्यमवाली पदं एकापाठोपाठ आली तर तबलजीला अंकात एकदाही हातोडी उचलावी लागणार नाही.

एक तयार युक्ती: दोघांनी आलटून-पालटून म्हणायचं पद असेल तर कोदंडाला काळी एकमध्ये यमन द्या. त्याचा पंचम म्हणजेच शारदेचा षड्ज, आणि यमनाच्या पंचमाला षड्ज मानलं की तेच सात स्वर बिलावलाचे होतात. ऑर्गनच्या पट्ट्या त्याच, दोघेही आपापल्या गळ्यात, आणि ती गायला लागली की रंग आपोआप बदलतो. फक्त तिचा प्रवेश झाल्यावर ऑर्गनने षड्ज सोडून पंचमावर ठाण मांडलं पाहिजे, नाहीतर ती यमनच गाते आहे असं वाटत राहतं.

---

मात्रागण

डग्गा यांचं पट्टीचं गणित उत्तम. दिंडीबद्दल मात्र वेगळं मत आहे. एकूण बेरीज जुळते, पण आतले तुकडे जुळत नाहीत. नल-दमयंती आख्यानातली सगळ्यांना ठाऊक असलेली ओळ घ्या:

न सोडी हा नळ – भूमिपाळ मातें

झपतालाच्या टाळ्या १, ३ आणि ८ वर. 'न' पहिल्या मात्रेवर आला की 'सो' दुसरीवर सुरू होऊन तिसरीत शिरतो, म्हणजे टाळी 'सो'च्या मधोमध. दुसऱ्या आवर्तनात 'मा' सातवीवर सुरू होतो आणि आठवीची टाळी त्याच्याही पोटात. वर मीच अशी जागा रूपकात सुचवली, पण तिथे ती एकदा आणि अर्थासाठी होती. इथे प्रत्येक चरणात दोनदा, कारण नसताना होते. चार चरण झाले की ऐकणारा दमतो.

दिंडीचे खरे तुकडे ३+६ आणि ३+३+४ असे पडतात. म्हणून दादरा घ्या, पण समेपासून नको. पहिले तीन (न सो) खालीपासून, म्हणजे टाळी नसलेल्या चौथ्या मात्रेवर उचला. 'डी हा नळ' समेपासून सहा. 'भूमिपाळ' पुढच्या समेपासून सहा. 'मातें' तिसऱ्या समेवर चार. मग पाच मात्रा मोकळ्या आणि पुढचा चरण पुन्हा खालीपासून. चरणाला २४ मात्रा, चार आवर्तनं. 'डी', 'भू', 'मा' हे तिन्ही गुरू समेवर पडतात, आणि दिंडीची ती डोलत चालायची ढब टिकते.

---

डग्गा

हातावर टाळी देऊन म्हणून पाहिलं. खालीपासूनचा उठाव बरोबर आहे, झपतालाचा सल्ला मागे घेतो. तबलजीसाठी एवढंच: त्या पाच मोकळ्या मात्रांत तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) वाजवू नये. दिंडी बहुधा कथा पुढे नेते, तिहाईने प्रसंग संपल्यासारखा वाटतो.

---

विंगेतून

चालीइतकंच पदाच्या आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य महत्त्वाचं. नवीन चाल बहुतेक वेळा पेटीसमोर बसून होते आणि ती तिथे सुंदर वाटते. रंगमंचावर ती पडते कारण नट आधीचं वाक्य ज्या सुरात, ज्या श्वासाने संपवतो तिथून चालीच्या पहिल्या स्वरापर्यंत जायला रस्ता नसतो. म्हणून चाल पक्की करण्याआधी त्या नटाला ते वाक्य पाच-सहा वेळा म्हणायला लावा आणि कोणत्या स्वरावर येऊन थांबतो ते पेटीवर पकडा. घाबरलेलं वाक्य बहुधा वर संपतं, थकलेलं खाली. पहिला स्वर तिथेच किंवा एक-दोन स्वरांवर ठेवला की पद बोलण्यातूनच उगवतं. ऑर्गनने सूर देण्यासाठी वाक्य संपायची वाट पाहू नये. वाक्याच्या शेवटच्या तीन-चार शब्दांखाली हलका षड्ज सुरू करावा.

वेळेचा हिशेब आधीच करा. २४ मात्रांची ओळ मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत १२ सेकंद घेते, ९० च्या लयीत १६. ध्रुवपदाच्या दोन ओळी, चार-चार ओळींचे दोन अंतरे आणि दर अंतऱ्यानंतर ध्रुवपदाची एक ओळ अशा १२ ओळी धरल्या तर पहिल्या लयीत २ मिनिटं २४ सेकंद, दुसऱ्या लयीत ३ मिनिटं १२ सेकंद. सव्वादोन तासांत १४ पदं म्हणजे ३५ ते ४० मिनिटं गाणं. नऊ नव्या पदांपैकी फार तर दोनांना आलाप-तानेची मोकळीक द्या. बाकीची अडीच मिनिटांत संपली पाहिजेत.

अंतऱ्याआधी सिनेमासारखे वाद्यवृंदाचे तुकडे घालू नका. बारा सेकंदांचा तुकडा कानाला छोटा, पण समोर उभ्या असलेल्या नटाला त्या बारा सेकंदांत करायला काही नसतं. तो हात चोळतो, दोन पावलं मागे जातो, आणि प्रसंग हातातून सुटतो. एक आवर्तन पुरे. जास्त हवं असेल तर त्या वेळात हालचाल काय हे दिग्दर्शकाने आधी लिहून द्यावं.

ध्वनिमुद्रित ट्रॅकवर पदं बसवू नका. ओळीच्या मध्येच टाळी पडते, समोरचा नट वाक्य उशिरा घेतो, कधी वन्समोअर येतो. जिवंत साथ एक आवर्तन थांबू शकते. ट्रॅक थांबत नाही.

भैरवी शेवटच्या पदाशिवाय कुठेही ठेवू नका. आपल्या प्रेक्षकाच्या कानात भैरवी म्हणजे मैफल संपली. पहिल्या अंकात ती वाजली की मागच्या रांगा चपला शोधू लागतात. भैरवीचे स्वर हवेच असतील तर बिलासखानी तोडी किंवा कोमल रिषभ आसावरीकडे जा.

'म्हातारा इतुका न' या पदाला नवी चाल द्यायचा विचार असेल तर फेरविचार करा. ते पद टिंगलीचं आहे. तिथे हशा शब्दावर येतो आणि शब्द पहिल्यांदाच कळावा लागतो. जुनी चाल लोकांना पाठ आहे म्हणून हशा वेळेवर येतो. नव्या चालीत पहिली ओळ चाल ओळखण्यातच जाते. जुन्या चार पदांत हे नसेल तर घ्या.

---

आडताल

'म्हातारा' जुन्याच चालीत आहे. मात्रा मोजून पाहिल्या, आणखी दोन पदं आम्ही चुकीच्या तालात धरली होती हे आज कळलं. झालेल्या चाली मोडून पुन्हा सुरुवात करतो आहोत, यावेळी आधी टाळीवर नुसते शब्द.

हक्कांचं राहिलं. आणि मंडळातल्या जाणत्यांचा मूळ आक्षेप असा की अभिजात नाटकाच्या चालीला हात लावणंच चूक. त्यांना काय सांगावं?

---

जुनी_प्रत

हक्क: भारतात साहित्य आणि संगीत या दोन वेगळ्या कृती धरल्या जातात, आणि दोन्हींचा स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. देवल १९१६ साली गेले, अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली. 'शारदा' आणि 'सौभद्र' दोन्हींचे शब्द मोकळे आहेत. 'मानापमान', 'स्वयंवर'चे नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे २००८ अखेर तेही मोकळे. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्यांच्या चाली २०१५ अखेर मोकळ्या झाल्या.

सावध राहायचं ते जुन्या नाटकाच्या नंतरच्या चालींबाबत. शब्द १८९९ चे असले तरी चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असू शकते. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले, त्यांचं संगीत २०३४ अखेरपर्यंत हक्कात. जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, ते २०५८ पर्यंत. तुम्ही जी चार पदं 'जुन्या चालीत' ठेवता आहात ती नेमकी कोणत्या गायकाच्या ध्वनिमुद्रिकेवरून घेतलीत ते पाहा. ती चाल नंतरच्या कोणा संगीतकाराची निघाली तर वारसांची परवानगी लागेल. जाहिरातीत आणि पुस्तिकेत 'पदे: गोविंद बल्लाळ देवल' आणि 'नव्या चाली' यांची नावं वेगळी छापा, कोणतं पद कोणत्या चालीत ते अनुक्रमाने द्या. स्पर्धेत उतरणार असाल तर नव्या चालींना मुभा आहे का हे नियमपत्रकात आधी पाहा.

जाणत्यांना काय सांगावं? आपल्या रंगभूमीने संगीत वेळोवेळी बदललं आहे, हेच सांगावं. 'शाकुंतल' १८८० चं, साकी-दिंडी-लावणीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चालींचं. १९११ साली 'मानापमान'मध्ये टेंब्यांनी पूरबी ठुमरी-कजरीचा रंग आणला. १९१६ साली 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं उभी केली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये केशवराव भोळ्यांनी मोजकी गाणी ठेवून ती भावगीताच्या अंगाने, प्रसंगाला बांधून दिली. यातला एकही बदल त्या त्या काळातल्या सगळ्यांना रुचला असेल असं नाही, आणि तरी आज आपण या चारही गोष्टींना परंपरा म्हणतो. जाणत्यांचा आक्षेप पूर्ण चूकही नाही. जुनी चाल ही त्या पदाच्या अर्थाची एक पक्की वाट असते, ती बदलायची तर नवी वाट त्याच अर्थाला पोचली पाहिजे. नऊ पदांपैकी जिथे तुम्हाला जुन्या चालीपेक्षा अर्थ अधिक उघडा पडतो असं खात्रीने सांगता येत नाही, तिथे जुनी ठेवा. नऊच्या सहा झाल्या तरी प्रयोगाचं काही बिघडत नाही.

---

पायपेटी

एक उरलेलं, कारण हे तालमीच्या शेवटच्या आठवड्यात कळतं आणि मग वेळ नसतो.

नव्या चालीचा नमुना संगीतकार स्वतःच्या पट्टीत गाऊन पाठवतो आणि नट तोच ऐकून पाठ करतो. पुढे पट्टी बदलली की खालचे स्वर गायब होतात. पहिला नमुनाच नटाच्या पट्टीत ध्वनिमुद्रित करा, नुसत्या ऑर्गनवर वाजवला तरी चालेल. आधी नट आणि मग गायक असलेल्या माणसाला मंद्र निषाद ते तार षड्ज एवढ्यातच चाल द्या. तयार गळा असेल तर मंद्र पंचम ते तार गंधार. बसून सहज लागणारा तार गंधार चालत, हातात तबक घेऊन, साडी सावरत लागत नाही, म्हणून कमाल स्वर उभं राहून हालचालीसकट तपासा.

ऑर्गनचे स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. तोडीचा अतिकोमल गंधार किंवा दरबारीचं आंदोलन त्यावर नाही. अशा जागी ऑर्गनने षड्ज-पंचम धरून गप्प राहावं आणि व्हायोलिनने पाठ घ्यावी. ऑर्गन गात्याच्या मागून तेच स्वर वाजवत गेला तर गाणारीचा बरोबर लागलेला गंधारच बेसूर वाटतो, आणि दोष तिच्या माथी येतो.

आणि जुन्या पुस्तकातल्या 'कांहीं', 'नाहीं', 'अवघें' यांवरच्या टिंबांचा उच्चार करायचा नाही. नव्या मुली प्रामाणिकपणे वाचतात आणि 'अवघें' नाकात म्हणतात. पदांच्या प्रती वाटण्याआधी उच्चार न होणारी टिंबं काढा. ऱ्हस्व-दीर्घाला मात्र हात लावू नका.